रत्नागिरीच्या संस्था, तिथली माणसं आणि पुण्याचे रस्ते

डेक्कनच्या आसपास राहणाऱ्या पुणेकराच्या तोंडी दिवसातून चार वेळा कोकण येतं. कर्वे रस्ता, भांडारकर रस्ता, टिळक रस्ता. फर्ग्युसन रस्त्याचं अधिकृत नावही गोपाळ कृष्ण गोखल्यांचंच आहे. धोंडो केशव कर्वे १८५८ साली खेड तालुक्यातल्या शेरवलीत जन्मले आणि दापोलीजवळच्या मुरूडला वाढले. गोखल्यांचं जन्मगाव गुहागर तालुक्यातलं कोतळूक. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणचे, आणि मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं; सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. टिळक तर थेट रत्नागिरी शहरात जन्मले, २३ जुलै १८५६ रोजी.

एका आडबाजूच्या जिल्ह्यातून एवढी माणसं पुण्यात कशी आली, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: कोकणी माणूस मुळातच हुशार आणि चिवट. मला हे उत्तर पटत नाही. हुशारी सगळीकडे असते. रत्नागिरीचं कोडं सोडवायचं तर त्या गावात कोणत्या संस्था निघाल्या, कधी निघाल्या आणि कोणती संस्था फार उशिरापर्यंत निघालीच नाही, हे बघावं लागतं.

सुरुवात पेशवाई बुडाल्यापासून करू. १८१८ नंतर दक्षिण कोकण इंग्रजांच्या ताब्यात आलं तेव्हा कारभाराचं ठाणं आधी बाणकोटला होतं. ते जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला पडत होतं, म्हणून १८२२ मध्ये मध्यावरच्या रत्नागिरीला हलवलं. मधे दोन वर्षं जिल्ह्याचा दर्जा खाली आला होता. १८३२ पासून मात्र रत्नागिरी हा पुरता जिल्हा झाला. बंदर, किल्ला आणि भोवतीच्या वाड्या असलेलं गाव एकाएकी जिल्ह्याचं ठिकाण झालं.

जिल्ह्याचं ठिकाण झालं की काय होतं? कलेक्टर कचेरी येते. तिच्या मागोमाग न्यायालय, तिजोरी, तुरुंग, दवाखाना. या सगळ्यांना लिहिता-वाचता येणारी माणसं लागतात: कारकून, नाझर, शिरस्तेदार, वकील. ती घडवायला शाळा लागते आणि शाळेला मास्तर लागतो. आता भांडारकर आणि टिळक यांच्याकडे या चौकटीतून बघा. भांडारकरांचे वडील महसूल खात्यात कारकून होते. त्यांची बदली रत्नागिरीला झाली म्हणून मुलाला तिथल्या इंग्रजी शाळेत शिकायला मिळालं. टिळकांचे वडील गंगाधरपंत शाळामास्तर होते. १८६६ मध्ये त्यांची बदली पुण्याला झाली आणि दहा वर्षांचा बाळ पुण्यात आला. एकाला बदलीने रत्नागिरीत आणलं, दुसऱ्याला बदलीनेच तिथून पुण्यात नेलं. सरकारी नोकरीच्या या वाटांवरून त्या काळी मुलांची आयुष्यं ठरत होती.

याच काळातली एक संस्था पुणेकरांना सहसा ठाऊक नसते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. महाराष्ट्रातलं हे सगळ्यात जुनं सार्वजनिक वाचनालय मानलं जातं. आपलं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, म्हणजे वीस वर्षांनी धाकटं. कचेरीचं गाव होऊन सहाच वर्षं झाली होती, जिल्ह्याला अजून पक्का दर्जा नव्हता, आणि तिथे वाचनालय उभं होतं. इमारती बदलल्या, नावं बदलली, पण गावाने ती संस्था सोडली नाही. मुंबई-पुण्याबाहेरच्या एका लहान गावाने जवळपास दोनशे वर्षं वाचनालय चालू ठेवणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. थिबा पॅलेस या तिथल्या राजवाड्यापुढे फोटो काढणाऱ्यांपैकी निम्म्यांनी जरी त्या वाचनालयात पाऊल टाकलं तरी बरं होईल.

आता भूगोलाकडे येऊ, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. रत्नागिरीच्या एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला समुद्र. घाट चढायचा तर पायी किंवा बैलगाडीने. समुद्राने जायचं तर बोटीने, आणि बोटी पावसाळ्यात बंद. ही अडचण केवढी होती ते कर्व्यांच्या एका हकिगतीतून कळतं. १८७५ मध्ये त्यांना एका सरकारी परीक्षेला बसायचं होतं. मुंबईला बोटीने जाण्याचा बेत पावसाने मोडला. मग हा मुलगा मुरूडहून चालत निघाला, भर पावसात कुंभार्लीचा घाट चढून साताऱ्याला पोचला. अंतर शंभर मैलांच्या वर. तिथे त्याच्याकडे बघून, वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. याच कर्व्यांनी पुढे हिंगण्याची संस्था आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारलं. पण या हकिगतीतली मला महत्त्वाची वाटते ती वाट. परीक्षा कोकणाबाहेर होती आणि बाहेर जायची वाट वर्षातले काही महिने बंदच असे.

एकटं पडलेलं गाव सरकारला एका कामासाठी सोयीचं वाटलं. ते काम म्हणजे नको असलेली माणसं दूर ठेवणं.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केलं. त्याला आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? रेल्वे नाही, मोठी छावणी नाही, ब्रह्मदेशाशी कुणाचं देणंघेणं नाही, पावसाळ्यात बोट नाही. राजाचं नाव काढून कुणी भेटायला येण्याची शक्यताच नव्हती. तीस वर्षांपूर्वी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला पाठवलं होतं. आता रंगूनपलीकडचा राजा कोकणात आला. पहिली चोवीस वर्षं राजा-राणी आणि मुली बंगल्यांत राहिल्या. आज आपण बघतो तो राजवाडा १९१० च्या सुमारास तयार झाला, आणि जेमतेम सहा वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, थिबा तिथेच वारला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. राणी सुपयालत मुलींसह १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली.

राजवाड्याची इमारत लाल रंगाची, उतरत्या छपरांची, लाकडी अर्धवर्तुळाकार खिडक्यांची. आता तिथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. पण रत्नागिरीकर जुनी माणसं थिब्याबद्दल बोलतात तेव्हा विषय बहुतेक वेळा थोरल्या राजकन्येवर येतो. तिला राजवाड्यावरच्या एका मराठी नोकरापासून मुलगी झाली. टूटू तिचं नाव. ती रत्नागिरीतच वाढली, तिथेच तिचं लग्न झालं, मराठीच बोलत राहिली, आणि मंडालेच्या सिंहासनावर बसलेल्या राजाच्या या नातीने उभं आयुष्य रत्नागिरीत गरिबीत काढलं. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीपाशी येऊन गेले, तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट पुन्हा वर्तमानपत्रांत आली.

दुसरा स्थानबद्ध म्हणजे सावरकर. पुण्याच्या येरवडा तुरुंगातून ६ जानेवारी १९२४ रोजी त्यांची सुटका झाली ती दोन अटींवर: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. पाच वर्षांची मुदत वाढत वाढत १० मे १९३७ पर्यंत लांबली. राजकारण बंद, म्हणून तेरा वर्षं समाजसुधारणेचं काम: शाळेत सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र बसवणं, सहभोजनं, देवळात सर्वांना प्रवेश. मार्च १९२७ मध्ये गांधीजी रत्नागिरीला आले तेव्हा दोघांची भेटही झाली. सावरकरांच्या राजकारणाबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत. रत्नागिरीतल्या या कामाची नोंद मात्र त्या वादाबाहेर ठेवून घ्यायला हवी.

या कामातून उभी राहिली ती संस्था म्हणजे पतितपावन मंदिर, २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सुरू झालेलं. थेट गाभाऱ्यापर्यंत कुठल्याही जातीच्या माणसाने जावं, ही त्यामागची कल्पना. पाटीवर सावरकरांचं नाव सगळे वाचतात, पण मंदिराला पैसा दिला तो भागोजीशेठ कीर यांनी. १८६७ साली रत्नागिरीत एका गरीब भंडारी घरात जन्मलेला हा माणूस मुंबईत जाऊन मोठा बांधकाम कंत्राटदार झाला आणि मिळवलेला पैसा गावात परत आणला. त्याला स्वतःलाही जातीमुळे देवळांच्या दारात थांबावं लागलेलं, त्या काळात. माझ्या मते रत्नागिरी समजून घ्यायला भागोजीशेठ टिळकांइतकेच महत्त्वाचे आहेत, कारण गावाबाहेर गेलेला माणूस गावासाठी काय करू शकतो ते त्यांच्यामुळे दिसतं. आणखी एक कीर रत्नागिरीचेच: धनंजय कीर, जन्म १९१३. मुंबई महापालिकेत नोकरी करता करता त्यांनी आंबेडकर, सावरकर, टिळक, फुले अशा परस्परविरोधी वाटणाऱ्या माणसांची चरित्रं तितक्याच कसोशीने लिहिली. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता त्या न निघालेल्या संस्थेकडे. जिल्ह्याच्या ठिकाणी शाळा होती, न्यायालय होतं, वाचनालय होतं. कॉलेज नव्हतं. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय सुरू झालं १९४५ साली. १८२२ पासून मोजलं तर मधे १२३ वर्षं जातात. म्हणजे जवळपास सव्वाशे वर्षं रत्नागिरीची शाळा मुलांना मॅट्रिकपर्यंत आणत होती आणि तिथून पुढचं शिक्षण हवं असेल तर गाव सोडणं भागच होतं. पुण्याचं १८८० चं न्यू इंग्लिश स्कूल, १८८५ चं फर्ग्युसन, १९०५ ची भारत सेवक समाज ही संस्था, १९१७ चं भांडारकर प्राच्यविद्या संस्थान, या सगळ्यांच्या पायाभरणीत कोकणातून आलेली माणसं दिसतात ती यामुळे. शाळा होती म्हणून ती तयार झाली आणि कॉलेज नव्हतं म्हणून ती निघून गेली. भांडारकर पुढे काही काळ रत्नागिरीच्या हायस्कुलात मुख्याध्यापक म्हणून परतले होते, पण तेही कायमचे थांबले नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. शाळेच्या वाटेने पुण्यात आलेली बहुतेक माणसं ब्राह्मण होती, कारण शाळेचा उंबरा आधी त्यांच्यासाठी उघडला. कुणबी, भंडारी, महार, दालदी, खारवी घरांतली माणसंही बाहेर पडलीच, पण ती मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, जहाजांवर आणि लष्करात गेली. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांचे वडील सैन्यात सुभेदार होते. पुण्याच्या रस्त्यांच्या पाट्यांवर एका वाटेने आलेल्यांची नावं आहेत. गिरणीच्या वाटेने गेलेल्यांची मनीऑर्डर गावी येत राहिली आणि कोकणातली कितीतरी घरं तिच्यावर चालली.

हे अजून संपलेलं नाही. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. राज्याची वाढत असताना या जिल्ह्याची घटली. दर हजार पुरुषांमागे बायका १,१२२, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. हा आकडा ऐकून कुणी कौतुक करायला लागलं तर त्याला सांगावं की याचं मोठं कारण कमावता पुरुष घरी नसणं हे आहे. शेती, सासू-सासरे, मुलांच्या शाळा, सगळं त्या बायकांच्या अंगावर आहे.

म्हणूनच स्वातंत्र्यानंतर रत्नागिरीत निघालेल्या संस्थांकडे मी वेगळ्या आशेने बघतो. आधीच्या संस्था कचेरीसाठी निघाल्या होत्या, या समुद्रासाठी आणि मातीसाठी निघाल्या. भाट्याला १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे; ‘प्रताप’ ही नारळाची जात तिथली. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. हापूसच्या बागायतदारांना विद्यापीठाचा उपयोग कसा झाला ते एका उदाहरणात सांगतो. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी दडी मारतो. विद्यापीठाने पॅक्लोब्युट्राझोल या संजीवकाची मात्रा आणि ते घालायची वेळ ठरवून दिली. ते झाडाच्या बुंध्याभोवती पावसाळ्यात घालतात. बागेत त्याला ‘कल्टार’ म्हणतात. झाडाची पालवी आवरते, मोहोर नियमित येतो. हापूसचं दुसरं दुखणं म्हणजे साका: बाहेरून देखणा आंबा कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, बेचव गर. त्यावर वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून ‘रत्ना’ काढला, १९८१ मध्ये. त्यात साका होत नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ‘रत्नागिरी’ म्हणून पेटी उचलणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पाच जिल्ह्यांना मिळून. तेव्हा पेटीवर नुसतं गावाचं नाव बघू नका, बागायतदाराचं नाव आणि नोंदणी विचारा.

समुद्राच्या बाजूला झाडगावचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. मत्स्यालय आणि देवमाशाचा भला मोठा सांगाडा बघायला शाळांच्या सहली तिथे येतात. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ चं, दापोलीच्या विद्यापीठाचं. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, त्यात मत्स्यशेती, जाळी, प्रक्रिया, शीतसाखळी (म्हणजे मासा बाजारापर्यंत गार ठेवण्याची व्यवस्था) सगळं शिकवतात. याचा संबंध मिरकरवाड्याच्या जेटीवर उभं राहिलं की कळतो. नौका लागली की आधी बर्फाचा चुरा बाजूला होतो, मग क्रेट वर येतात: बांगडा वेगळा, सुरमई वेगळी, म्हाकुल वेगळं. बोली लागते ती बघता बघता संपते, आणि तेवढ्या वेळात ठरलेल्या भावावर तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि खलाशांचा हिस्सा ठरतो. बर्फ कमी पडला, तर तोच बांगडा दोन तासांत निम्म्या भावाचा होतो. म्हाकुल निर्यातीला जातं. पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात येणाऱ्या मालाचीही हीच कहाणी असते. शीतसाखळी हा विषय महाविद्यालयात शिकवतात तो या दोन तासांसाठी.

एका संस्थेबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. पुण्यात येरवड्याचं आणि कोकणात रत्नागिरीचं नाव घेऊन माणसाची टवाळी करायची जुनी खोड आहे. ती मोडायला हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा रुग्णाचा हक्क मानला आहे आणि साखळदंडाने बांधून ठेवण्याला बंदी घातली आहे. ज्या गावातली कर्ती माणसं शंभर-दीडशे वर्षं बाहेर जात राहिली, तिथे मागे राहिलेल्यांच्या मनाची काळजी घेणारं रुग्णालय ही राजवाड्याहून अधिक गरजेची जागा आहे.

पुण्याहून जायचं तर दोन वाटा: साताऱ्यापुढे उंब्रजला वळून पाटण, कोयना, कुंभार्ली घाट, चिपळूण, ही कर्व्यांच्या ओळखीची, किंवा कोल्हापूरवरून आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. रेल्वेचं म्हणाल तर कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, पण पुण्याहून जाणाऱ्याला ती पनवेलकडून फिरूनच गाठावी लागते. गावात टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर, नगर वाचनालय आणि पतितपावन मंदिर एका सकाळी सहज होतात. थिबा पॅलेस आणि झाडगाव दुपारी ठेवा. मिरकरवाड्याचा लिलाव बघायचा असेल तर जून-जुलै टाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि जेटीवर तेव्हा फक्त जाळी दुरुस्त करणारे भेटतात.